दहा पाण्यांचा देवमासा

माझ्याजवळ एक देवमासा आहे. दचकू नका, पत्त्यातला आहे. ‘दर्या’ नावाच्या खेळाचे पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात आणि आत काय निघेल हे पाकीट चिकटवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी अकरा वर्षं पाकिटं फोडली. खेकडे निघाले, कोळंब्या निघाल्या, एकदा एकाच पाकिटात पाच गोगलगायी निघाल्या, त्यातल्या दोघी एकमेकींवर रुसलेल्या. आणि मग एका दुपारी हा निघाला. एवढा मोठा की शेपटी पत्त्यावर मावलेलीच नाही. ती पुढच्या पाकिटात असेल म्हणून मी आणखी दोन वर्षं पाकिटं फोडली.

चाळीस वर्षं मी चष्म्याच्या काचा घासल्या, तेव्हा बारीक अक्षर वाचायला मला कुणाची मदत लागत नाही. देवमाशाच्या पोटाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: ‘दहा पाणी’. म्हणजे आधी एकेक करून पाण्याचे दहा पत्ते मांडायचे, मग हा उतरणार. माझी या वयात एकच इच्छा उरली होती. जिंकायचं वगैरे नव्हतं. रीतसर डावात, समोर माणूस बसलेला असताना, एकदा देवमासा टेबलावर ठेवायचा. बस्स.

आड आला माझा साडू.

साडू दातांचा डॉक्टर. आमची मंडळी दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमते, तिथे तो एक दिवस नवी गड्डी घेऊन आला. तीस पत्त्यांपैकी वीस एकच: ‘कारकून’. चित्रात एक किडकिडीत माणूस, हातात खोडरबर. खाली मजकूर: ‘समोरून पडलेला पत्ता पडलाच नव्हता असे समजावे.’ त्याला पाण्याचा एक थेंब लागत नाही. शिवाय काम झालं की हा कारकून बाद पत्त्यांच्या पेटीत जात नाही, आपल्या मालकाच्या गड्डीच्या तळाशी जाऊन पुन्हा पाळीची वाट बघतो. पाण्याचे पत्ते तेवढे त्याच्या अखत्यारीत येत नाहीत.

ज्याची गड्डी आधी संपते आणि ओढायला पत्ता उरत नाही, तो हरतो. आता बघा. तुम्ही खेकडा टाकलात, कारकुनाने खोडला. तुमचा खेकडा गेला, त्याचा कारकून गड्डीत परतला. तुमची गड्डी आटत जाते, त्याची भरत राहते. साडू काही करतच नाही. तो नुसता बसतो आणि आपण आ वासून बसतो. दवाखान्यात काय, इथे काय, त्याला सवयच आहे.

पहिल्या रविवारी मी दहा पाणी मांडलं. देवमासा उचलला, ठेवला.

“पडलाच नव्हता,” साडू म्हणाला.

“अहो, हा काय पडलाय!”

“नव्हता.”

मी मेहुणीकडे पाहिलं. मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, साडूची बायको आणि आमच्या खोलीची पंच. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई, त्यामुळे नियमांची छापील वही तिच्याच ताब्यात. ती नवऱ्याची बाजू घेते असं कुणी म्हणू शकणार नाही. ती माणसाची बाजूच घेत नाही, वहीची घेते.

“नव्हता पडला, भाऊजी,” ती म्हणाली. “उचला.”

“पडलाच नाही तर उचलू कसा?”

याचं उत्तर वहीत नव्हतं. त्या दिवशी मी दीड तास तिथेच बसून होतो.

मग माझा एक दात दुखायला लागला. खरं म्हणजे दुखत नव्हता, पण साडूला एकटं गाठायचं तर खुर्चीत झोपण्यावाचून इलाज नव्हता. त्याने आरसा तोंडात घातला.

“आआ... हेवमाहा,” मी म्हणालो.

“काय?”

मी त्याचा हात बाजूला केला. “देवमासा. एकदा जाऊ दे ना. तू जिंक, मी कुठे नाही म्हणतोय? फक्त एकदा तो टेबलावर राहू दे. मिनिटभर.”

साडूने दिवा बाजूला सरकवला. माणूस वाईट नाही हो. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. “साडूभाऊ, मला काय तुमच्या माशाचं वैर आहे? पण कारकुनाची कड लाल आहे. लाल कडेचा पत्ता हातात असला आणि समोर पत्ता पडला, की वापरावाच लागतो. सक्ती आहे. मी नको म्हटलं तरी तो खोडणारच.”

“मग दुसरी गड्डी आण.”

“आणि हरू?”

मग त्याने माझा चांगला दात काढला. आलोच आहे तर रिकामं कशाला जायचं, असं त्याला वाटलं असावं.

महिन्याभरात खोलीतल्या बाराही जणांनी कारकून जमवले. करणार काय, दुसरं काही चालतच नव्हतं. मग कारकून कारकुनाला खोडू लागले. एका डावात कुणीतरी एक साधा खेकडा टाकला. तो पडलाच नव्हता, मग तो पडला नव्हता असं म्हणणाराच पडला नव्हता, मग तो... सतरा वेळा झालं. शेवटी खेकडा आहे की नाही हे कुणालाच सांगता येईना. एक गृहस्थ अजूनही त्या टेबलाजवळून जाताना पाय वर उचलून जातात.

घरी मी गड्डी पसरून बसलो. बायको शेजारी शेंगा सोलत होती.

“साडूचा कारकून खोडायला माझ्याकडेही कारकून हवेत,” मी म्हणालो. “माशाच्या राखणीला.”

“मग घाला की.”

तीन घातले, तीन कोळंब्या काढल्या. तीन पुरले नाहीत. सहा घातले, गोगलगायी गेल्या. बारा. पंधरा. एकोणीस. वीस. वीस बसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता माझा देवमासा कुणाच्या बापाला खोडता येणार नव्हता.

बायकोने माझी गड्डी एकदा मोजली. परत मोजली.

“अहो, वीस कारकून, एक मासा. पाणी किती?”

“उरलेलं.”

“उरलेलं नऊ आहे.”

मी बोटांवर मोजलं. तीस पत्ते. वीस आणि एक एकवीस. चाळीस वर्षं काचांचे नंबर काढले मी, कधी पाव नंबराची चूक नाही.

“एक कारकून काढा.”

“मग मासा खोडला जाईल.”

“मग मासा काढा.”

“मग हे सगळं कशासाठी?”

“तेच विचारतेय,” ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मी काहीच काढलं नाही. नऊ पाणी आणि दहा पाण्यांचा मासा घेऊन मी वार्षिक सामन्यांना गेलो. का गेलो ते विचारू नका. जाताना जिन्यावर मला ते नीट समजलं होतं, पण वरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत सुटलं.

आता बाराही जणांकडे कारकून, तेव्हा एक नवीनच गंमत झाली. कुणी काही टाकेचना. कारण तुम्ही काही टाकलंत की समोरच्याचा कारकून काम करून त्याच्या गड्डीत परततो, म्हणजे तुम्हीच त्याला एक श्वास उसना दिलात. म्हणून सगळे नुसते पत्ते ओढत बसायचे. दोघांच्या गड्ड्या सारख्या, तेव्हा जो आधी ओढतो त्याची आधी संपते. म्हणजे नाणं उडवलं की निकाल लागला. पुढचा तासभर आपला सोपस्कार. खोलीत पत्ते सरकल्याचा आवाज तेवढा. कोपऱ्यात एका जोडीतले दोघंही झोपले होते, तरी त्यांचा डाव कुणापेक्षा मागे नव्हता.

माझं नाणं तिन्ही वेळा बरोबर पडलं. लोक येऊन पाठ थोपटायला लागले. “काय खेळलात हो!” मी विचारायचो, “काय खेळलो?” ते हसायचे. त्यांना वाटायचं, विनय आहे.

अंतिम सामन्यात समोर साडू. नाणं उडालं, त्याला आधी ओढायचं आलं. त्याचा चेहरा पडला. एवढ्या महिन्यांत तो एकदाही हरला नव्हता, आणि आता हरणार हे त्याला पहिल्या मिनिटालाच कळलं, पण तीस पत्ते ओढून झाल्याशिवाय हरताही येत नव्हतं. तो ओढत राहिला, मी ओढत राहिलो. माझं नऊ पाणी मांडून झालं. देवमासा हातात आला. त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी तो कारकुनांच्या मागे ठेवला.

साडूने शेवटचा पत्ता ओढला. मी माझा शेवटचा ओढला. आता त्याने गड्डीकडे हात नेला, तिथे नुसतं लाकूड.

“झालं,” तो म्हणाला. की “झालं?” म्हणाला? इथेच सगळा घोटाळा आहे.

मला वाटलं, डाव संपला. संपलेल्या डावात पत्ता ठेवायला कुणाची हरकत? डाव नसला तर नसो, समोर माणूस तर आहे. मी देवमासा काढला आणि नऊ पाण्यांवर अलगद ठेवला. खिडकीतून ऊन आलं होतं. खोलीतले सगळे उठून जवळ आले. झोपलेलेसुद्धा.

आणि साडूच्या हातून कारकून पडला. मुद्दाम नव्हे हो, सवयीने. “पडलाच नव्हता,” तो म्हणाला आणि त्याने कारकून आपल्या रिकाम्या गड्डीच्या जागी सरकवला.

म्हणजे आता त्याच्या गड्डीत एक पत्ता होता. म्हणजे तो हरला नव्हता. म्हणजे साडू तो ओढेल, आणि मग माझ्याकडे ओढायला काही नाही, म्हणजे मी हरलो.

“डाव संपला होता!” कुणीतरी म्हणालं.

“संपला असता तर कारकुनाला सक्ती का झाली?”

“नऊ पाण्यांवर मासा येतो कसा? मुळात पडलाच नाही तो!”

“पडला नाही तर कारकून कशावर पडला?”

“पाळी कुणाची होती? आणि यांच्या हातातल्या वीस कारकुनांना सक्ती नाही का?”

“हात लाकडाला लागला होता का?”

“लागला होता,” साडू म्हणाला. “मला वाटतं. तुम्ही सांगा ना, साडूभाऊ.”

“मी माशाकडे बघत होतो,” मी म्हणालो, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मेहुणीने चष्मा चढवला. चष्मा माझ्याच हातचा. “कुणीही पत्त्यांना हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “निर्णय होईपर्यंत टेबल आहे तसं राहील.” आणि तिने वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

या गोष्टीला आज नववा दिवस आहे. वाचनालयाने खोलीला कुलूप लावायचं सोडून दिलं आहे. मेहुणी एकशे बाराव्या पानावर पोहोचली, तिथे तिला छपाईची एक चूक सापडली आणि ती पुन्हा पहिल्या पानावर गेली. साडू दवाखाना आटोपून येतो, समोर बसतो आणि विचारतो, “मी हरलोय का?” मी म्हणतो, “माहीत नाही बुवा.” त्याला त्यातल्या त्यात तेच बरं वाटतं.

काल मेहुणीने मान वर केली. “भाऊजी, माझ्या मते तुम्ही जिंकला असावात. बहुतेक. जाहीर करू?”

देवमासा माझ्यासमोर होता, रीतसर टेबलावर. डाव संपला म्हटलं तर मला तो उचलून खिशात घालावा लागणार. डाव चालू म्हटलं तर तो पडलाच नव्हता. आणि यातलं काहीच ठरलं नाही, तर?

“घाई काय आहे?” मी म्हणालो. “तुम्ही सावकाश वाचा. परिशिष्टं राहिलीत ना अजून?”

ती पुन्हा वहीत बुडाली. मी खुर्ची थोडी पुढे ओढली.