बरणीबाबांचा कोबी

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेची बरणी, बरणीत मिठाच्या पाण्यात आंबवलेला कोबी. बरणीबाबांनी झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि घशातून घूं घूं आवाज काढला. तशी बरणीत खालून वर बुडबुड्यांची रांगच लागली.

"जागी झाली," बाबा म्हणाले. "श्रद्धा असेल तिथेच ती श्वास घेते. हे पाणी पोटात गेलं की गोळी नको, सुई नको."

लोकांनी हात जोडले. पाववाल्याने जांभई दिली. असले बुडबुडे त्याच्या पिठात रोज यायचे. पण शेजारी त्याची थोरली बहीण, ताई, बसली होती, म्हणून उठवत नव्हतं. ताईने चार वर्षांपूर्वी मांस, अंडी, दूध सगळं सोडलं. त्याला त्याची ना नव्हती. पण हल्ली तिच्या पायांना मुंग्या यायच्या, जिना उतरताना पायरी कळायची नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, बी-बारा जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून त्याची सुई सुरू केली, अन् बाबांनी ती बंद करवली.

"ताई, उद्या सुई घेऊन येऊ."

"बरणीत सगळं आहे रे. बाबा म्हणाले."

"बाबा म्हणतील बरणीत हत्ती आहे."

"आधी तुझी जीभ घाल मिठात."

पाववाला उठून पुढे गेला. "माझीही जागी करा."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि टेबलाखालून दुसरी बरणी काढून हातात दिली. बाबा झाकणावर हात ठेवून किती घुमले तरी ती ढिम्म. "तुझ्या मनात शंका आहे," बाबा म्हणाले. लोक हसले, ताईची मान खाली गेली.

पाववाल्याचं लक्ष तळहाताकडे. तीस वर्षं पीठ चाचपलेला हात तो. बरणी बर्फासारखी गार होती.

ती त्याने घरी नेली, झाकण आवळलं आणि पीठ फुगायला ठेवतात त्या भट्टीजवळच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सभेत तीच घेऊन उभा राहिला.

"बाबा, मला मंत्र येत नाही, शिव्या येतात. चालतील?" म्हणत त्याने झाकण सैल केलं. फस्सकन फेस उसळला, तो थेट बाबांच्या सदऱ्यावर.

"शंका वितळली वाटतं," गिरणीवाली मावशी म्हणाली.

"मावशी, कोबीत बारीक जिवाणू असतात. ते त्यातली साखर खाऊन हवा सोडतात. उबेत जोरात, गारठ्यात झोपून. कोंडलेली हवा झाकण ढिलं केलं की उसळते. यांचा हात आशीर्वादाला नाही, झाकण फिरवायला असतो. टेबलाखाली बघ."

मावशीने कापड उचललं. एकीकडे बर्फाची पेटी, दुसरीकडे गरम पाण्याच्या पिशव्यांत निजवलेल्या बरण्या.

बाहेर पडल्यावर ताई कुरकुरली, "पण माझं पोट खरंच सुधारलं."

"सुधारेल की. आंबवलेलं पुष्कळांना मानवतं. मीच करून देतो, खा. पण पोट वेगळं, पाय वेगळे."

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. "कोबी खुशाल खा, पण त्यातून बी-बारा भरवशाने मिळत नाही. दूध, अंडी, मांस न खाणाऱ्याला ते वेगळं घ्यावंच लागतं. आणि सुईतलं बी-बारा बनवतात कसं माहितेय? कारखान्यात जिवाणू वाढवून. तेही आंबवूनच."

ताई खुदकन हसली आणि दंड पुढे केला.

तेव्हा चवीने खा, पोट सांभाळा. पण कुणी औषध सोडा म्हणाला, तर विचारा, तपासलंत कसं? आणि त्याच्या शब्दावर औषध सोडू नका. डॉक्टरला विचारा.