घड्याळाचे आजोबा

शुक्रवारी संध्याकाळी उकाइ मोरिहिरो कामावरून घरी आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पार्सल ठेवलेलं होतं. पूर्वी पार्सल दिसलं की बूट काढायच्या आधीच त्याचा हात पुढे जायचा. आज त्याने आधी अंघोळ केली, मग जेवला, मग चष्मा पुसला आणि मगच कात्री घेतली. आत काय निघणार याचा त्याला अंदाज होता.

निघालंही तसंच. किल्ली द्यायचं साठेक वर्षांपूर्वीचं घड्याळ. फोटोत तबकडी छान जुनी, पिवळसर दिसत होती. भिंगाखाली धरली तर ती कुणीतरी नुकतीच रंगवलेली! तीनचा आकडा तर चक्क चारकडे कलला होता.

"पुन्हा?" त्याच्या बायकोने, चिसातोने, भांडी विसळता विसळता विचारलं.

"पुन्हा."

"मग परत पाठव की."

"कसं पाठवू? जाहिरातीखाली लिहिलंय ना, तक्रार चालणार नाही, माल परत घेणार नाही."

"आणि वर काय लिहिलंय?"

मोरिहिरोने फोनकडे न बघताच म्हणून दाखवलं, "दिवंगत आजोबांच्या खणात सापडलं. मी यातला जाणकार नाही, त्यामुळे नक्की माहीत नाही. कृपया फोटो पाहून आपणच ठरवावं."

फोनवरून जुनी घड्याळं घेणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ असतं. आजोबांच्या खणांतून आजवर इतकी घड्याळं निघाली आहेत, की या देशात तेवढे आजोबा तरी होऊन गेले का, अशी शंका यावी. आणि गंमत म्हणजे, या अजाण नातवंडांना घड्याळातलं काही कळत नसलं, तरी कुठल्या बाजूने फोटो काढला की खोट दिसत नाही हे मात्र बरोबर कळतं!

पूर्वी मोरिहिरो भांडायचा. लांबलचक निरोप पाठवायचा. उत्तर यायचं, 'आपल्याला तसदी झाली याबद्दल मनापासून दिलगीर आहे, परंतु आधीच लिहिल्याप्रमाणे मला यातलं काही कळत नाही.' इतक्या नम्र माणसाशी भांडायचं तरी कसं? सत्तावन्नाव्या वर्षी, दिवसभर इमारतींच्या देखभालीच्या तक्रारी ऐकून घरी आलेल्या माणसात आणखी एक तक्रार करायचं त्राण कुठून येणार?

"सगळे असेच," तो म्हणाला आणि त्याने घड्याळ डबीत टाकलं. रविवारी सावलीत फोटो काढायचे, तेच वाक्य लिहायचं आणि ही ब्याद पुढे ढकलायची, असं त्याने ठरवून टाकलं.

तुम्ही म्हणाल, स्वतः पोळलेला माणूस दुसऱ्याला चटका देईल का? अहो, देतो! दोन वर्षांपूर्वी मोरिहिरोने दिला होता. त्याच्याकडे एक घड्याळ होतं, किल्ली दिली की दोनेक तास झकास चालायचं आणि मग गपकन थांबायचं. आतलं एक चाक झिजलंय आणि ते आता कुणी बनवत नाही, असं कारागिराने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. मोरिहिरोने ते विकलं. 'चालू आहे,' असं लिहिलं, किल्ली देऊन लगेच काढलेला फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मी यातला जाणकार नाही.' त्या रात्री त्याला झोपही छान लागली. आपणही फसलोच होतो ना, मग फिटंफाट!

रविवारी दुपारी चिसातोचे वडील, तोकुजी, जेवायला आले. वय त्र्याऐंशी. कावागुचीत स्टेशनामागे त्यांचं केशकर्तनालय होतं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण समोर माणूस बसला की त्यांची नजर अजून आधी त्याच्या कल्ल्यांकडे जायची.

"मोरिहिरो, कल्ले एकसारखे नाहीत तुझे. कोण कापतो रे? त्याला म्हणावं, डोळे उघडे ठेव." बसता बसता त्यांनी खिशातून फोन काढला. "बरं ते राहू दे. तू यातला माणूस आहेस. आज मला तुझी गरज आहे."

पुढच्या महिन्यात चिचिबूला त्यांच्या शाळेच्या वर्गाचं संमेलन होतं. शेवटचं. सगळं जमवून आणणाऱ्या बाईंचे गुडघे गेले होते आणि पुढे ते काम करायला कुणी तयार नव्हतं. तोकुजींची न्हावीकामातली उमेदवारी संपली तेव्हा त्यांच्या उस्तादांनी त्यांना एक घड्याळ दिलं होतं. ते मिरवत ते तेव्हाच्या संमेलनाला गेले होते. पुढे दुकानासाठी खुर्ची घ्यायची म्हणून ते विकावं लागलं. नंतर किती संमेलनं झाली, पण जिगरी दोस्त इवाओ दरवेळी त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे बोट दाखवून विचारायचा, "काय न्हावीबुवा, किती वाजले?"

"एकदा, फक्त एकदा त्याला वेळ सांगायची आहे मला," तोकुजी म्हणाले. "चिसातोने फोनवर शोधायचं शिकवलं. हे बघ, अगदी तस्सं सापडलंय. आता नुसतं हे लाल बटण दाबायचं. दाबू?"

मोरिहिरोने फोन हातात घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

तपकिरी पट्टा. पट्ट्याला न शोभणारं पितळी बक्कल. ते त्याने स्वतः बसवलं होतं. सहाच्या आकड्याखाली कडेला एक तिरका ओरखडा. खाली मजकूर, 'दिवंगत आजोबांच्या खणात सापडलं. मी यातला जाणकार नाही.'

त्या घड्याळाचे दिवंगत आजोबा म्हणजे तो स्वतः होता!

"नको, बाबा," तो घाईघाईने म्हणाला. "हे विकणारे एकजात लबाड असतात."

"याला का लबाड म्हणतोस? वाच की. बिचाऱ्याने सरळ लिहिलंय, मला माहीत नाही म्हणून. पोकळ फुशारकी नाही, काही नाही. जो माणूस माहीत नाही म्हणतो ना, तो खरा असतो. मला तर पटला बुवा." आणि म्हाताऱ्याने फोन परत घेऊन अंगठा उचलला.

"थांबा!" मोरिहिरो इतक्या जोरात ओरडला की चिसातो स्वयंपाकघरातून धावत आली. "ते घड्याळ दोन तासांत थांबतं. मला माहीत आहे. कारण... कारण ते मीच विकलंय. हेच वाक्य लिहून."

चिसातोने चहाचा ट्रे हळूच खाली ठेवला. तोकुजींनी चष्मा काढला आणि जावयाकडे असं पाहिलं, की शरमेने त्याची मान खाली गेली.

"चाळीस वर्षं वस्तरा चालवला मी," ते शेवटी म्हणाले. "कधी कधी गिऱ्हाइकाच्या कानाला लागायचा. रक्त यायचं. तेव्हा मी काय म्हणायचं होतं, जावईबापू? मी यातला जाणकार नाही?"

"मला पण सगळ्यांनी असंच फसवलं, बाबा. मी कंटाळलो होतो."

"कंटाळलास ना? मग तो कंटाळा दुसऱ्याच्या दारात का टाकलास? आणि घड्याळाचं सोड, ते लोखंड आहे. तुम्ही लोकांनी काय नासवलंत, ठाऊक आहे? मी उस्तादांकडे गेलो तेव्हा मला काहीच येत नव्हतं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या एका वाक्यावर त्यांनी मला पदरात घेतलं. खरोखर न कळणाऱ्या माणसाकडे तेवढं एकच वाक्य असतं रे! तुम्ही ते पडद्यासारखं वापरता. उद्या एखादी विधवा नवऱ्याचं घड्याळ विकायला निघेल आणि खरंच लिहील, मला यातलं कळत नाही. तिच्यावर कोण विश्वास ठेवेल? तू तरी ठेवशील?"

आजवर अशा कित्येक मजकुरांना हसून मोरिहिरो पुढे गेला होता. त्यांतल्या एखाद्यामागे खरोखरच कुणी आजोबा वारलेले असतील, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं! त्याला स्वतःची किळस आली.

त्याच संध्याकाळी त्याने त्या विकणाऱ्याला लिहिलं: 'हे घड्याळ पूर्वी माझं होतं. ते दोन तासांनी थांबतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी लपवलं. क्षमा असावी. ते मलाच परत द्या.'

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते गिफूच्या एका गृहस्थाकडून. 'मीही घेतल्यावर आठवडाभरात ओळखलं होतं. तक्रार करायचा कंटाळा आला. लाज वाटते. आणि एक सांगायचं राहिलं, माझे आजोबा ठणठणीत आहेत, कालच भातलावणी करून आले.'

मोरिहिरो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

घड्याळ घरी आलं. कारागिराने पुन्हा मान हलवली, चाक मिळण्यासारखं नव्हतं. मोरिहिरोने ते सासऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "दोन तास चालेल, बाबा. त्यापुढे नाही."

"आता कळलं ना मला? मग झालं," म्हणत तोकुजींनी ते मनगटावर बांधलं.

रंगवलेल्या तबकडीचं घड्याळही मोरिहिरोने विकायला काढलं, उन्हात फोटो काढून. लिहिलं, 'तबकडी नवीन रंगवलेली आहे. तीनचा आकडा वाकडा आहे. मला माहीत आहे.' कितीतरी दिवस कुणी विचारलं नाही. शेवटी गेलं, घेतलं होतं त्याच्या निम्म्याहून कमीत.

वाचकहो, घड्याळ असो, घर असो की कचेरीतली एखादी फाइल असो, आपल्याला माहीत असतं आणि आपण 'कल्पना नाही' म्हणून मोकळे होतो. त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, म्हणूनच ते फार सोपं पडतं. पण आपण फसलो म्हणून तीच फसवणूक पुढे सरकवली, तर ती फिरत फिरत एक दिवस आपल्याच घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याखाली येते. कुणीतरी ती आपल्यापाशी थांबवायला हवी. जे माहीत आहे ते सांगावं. आणि 'माहीत नाही' हे शब्द ज्यांना खरंच माहीत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवावेत.

संमेलनाच्या दिवशी मोरिहिरोच गाडी चालवत चिचिबूला गेला. गाडीतून उतरताना तोकुजींनी घड्याळाला किल्ली दिली. आत गप्पा अशा रंगल्या की दोन तास केव्हाच उलटून गेले. मग इवाओने सवयीने बोट पुढे केलं, मनगटावर घड्याळ पाहून त्याचे डोळे विस्फारले, आणि मग तो खच्चून ओरडला, "काय न्हावीबुवा, किती वाजले?"

तोकुजींनी ऐटीत बाही मागे सारली, थांबलेल्या काट्यांकडे नीट पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या जावयाकडे एक नजर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माहीत नाही!"

अख्खा वर्ग हसत सुटला, आणि दाराशी उभा मोरिहिरोही.