तांबसाळीचं पोस्टर आणि आठ शुभेच्छुक

सकाळी साडेनऊला भोरच्या कॉलेजात, परिषदेच्या हॉलमध्ये, मी माझ्या पोस्टरची गुंडाळी उलगडली आणि तोंडून जो शब्द निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

वरचं सगळं झकास होतं. 'पासली परिसरातील पारंपरिक भातवाण', खाली माझं नाव, सानिया, एम.एस्सी. दुसरं वर्ष. नकाशा, तक्ते जागच्या जागी. आणि तळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल पट्टीवर पिवळ्याधमक अक्षरांत: 'शुभेच्छुक'. त्याखाली गोल चौकटींत पासलीच्या आठ शेतकऱ्यांचे फोटो, नावांसकट. हनुमंतकाकांना तर वरून गॉगल चढवलेला!

हे काम लियाकतमामूंचं. अम्मीचे सख्खे भाऊ. स्टँडजवळ त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि उभा जन्म वाढदिवस आणि निवडणुका छापण्यात गेलाय. पेनड्राइव्हमध्ये ते फोटो मी माझ्या नोंदीसाठी ठेवले होते. फोन लावला.

"मामू, हे काय करून ठेवलंत?"

"काय म्हंजी? फोटू तूच दिलंस, नावं तूच दिलीस. शुभेच्छुकाबिगर फ्लेक्स आस्तोय व्हय कुठं? लई उघडाबोडका दिसत हुता. तुजा बी मोठा फोटू टाकणार हुतो, पर जागाच न्हाई उरली."

नशीब माझं! आज इथून फक्त तीन पोस्टरं निवडली जाणार होती, आणि त्या तिघांना पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सहा महिने काम करायला मिळणार होतं. दोन वर्षं मी त्याचाच ध्यास घेतला होता. किकवीहून पहाटेची एसटी धरून पासली गाठायची, बांधाबांधानं हिंडायचं. अशी अडतीस घरं पालथी घातली होती. त्या सगळ्याचं सार पोस्टरच्या मधोमध ठळक अक्षरांत होतं: 'तांबसाळ हा लाल तांदळाचा वाण या परिसरातून नामशेष झाला आहे.' आमचे सर म्हणाले होते, या एका वाक्यावर तुझी निवड होणार.

आणि खाली गॉगल!

शेजारच्या पोस्टरवाल्या शुभ्राकडून पांढरा कागद आणि चिकटपट्टी घेतली आणि एकेक चेहरा झाकायला लागले. तीन झाकून झाले तोच दारातून खणखणीत आवाज आला.

"ए सानिया! कुठं हाय गं आमचा फ्लेक्स?"

पासलीच्या कुंदाबाई! ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, आणि मागं उरलेले सात शुभेच्छुक. मामूंनी काल फ्लेक्सचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला होता. मी बघायच्या आधीच तो त्यांच्या गिऱ्हाइकांमार्फत पासलीत पोचला आणि गावातल्या गेनूचा टेम्पो करून सगळी मंडळी स्वतःला बघायला आली.

"माज्याच तोंडावर कागूद व्हय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भराभर तिन्ही कागद ओढून काढले.

तेवढ्यात परीक्षक आल्या. राजनंदिनी मॅडम, त्याच पुण्याच्या संस्थेतल्या. त्यांनी आधी ती पट्टी बघितली, मग मागं उभी असलेली माणसं.

"हे कोण?"

"माझे शुभेच्छुक," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्यांचे ओठ जरासे हलले. मी छातीवर दगड ठेवून सुरुवात केली. तक्ते झाले, नकाशा झाला, आणि मी माझ्या वाक्यावर आले. "तांबसाळ नामशेष झाली आहे."

"नामशेष म्हंजी?" मागून कुंदाबाई.

"म्हणजे संपली, मावशी. आता कुणाकडंच नाही."

"कोण म्हनलं? माज्याकडं हाय की."

मी गर्रकन वळले. "मावशी! मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं!"

"तू इचारलंस, खाचरात काय लावता. खाचरात न्हाईच लावत. परड्यात, हिरीच्या कडंला चार वाफं आस्त्यात. बाळंतिणीच्या पेजंला लागतंय ते. त्याला पीक कोण म्हनतं? आन बाकीच्या घरी तू इचारणार बाप्यांना वसरीवर बसवून. त्यांना काय ठावं?"

"आमच्यात बी हाय," मागच्या दोघी एकदमच म्हणाल्या. त्यातली एक हनुमंतकाकांची बायको; काका तिच्याकडं बघतच राहिले. त्यांनाही आत्ताच कळत होतं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मग तुझा निष्कर्ष?"

दोन वर्षांचं काम आठ जणांदेखत आडवं झालं होतं. मला रडू यायला हवं होतं. पण मी जागच्या जागी उडीच मारली.

"चुकला, मॅडम! पार चुकला!" मी ओरडलेच. "तांबसाळ आहे! मॅडम, आहे ती!"

कुंदाबाईंना मिठी मारली, शुभ्राचा मार्कर हिसकावला आणि माझ्या त्या ठळक वाक्यावर आडवी रेघ ओढली. खाली लिहिलं: 'तांबसाळ आहे. परड्यात. बायकांनी राखलेली.' लांबून सरांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, बराच वेळ.

"निकाल चार वाजता. थांब," त्या जाताना म्हणाल्या.

मी कसली थांबतेय!

"मावशी, आत्ता बघायला मिळेल?"

"बघ की. पर बी मागू नगंस. सूनबाईचा नववा सरत आलाय, हाय ते तिच्या पेजंलाच पुरायचं न्हाई."

गेनूच्या टेम्पोत मागं, सगळ्यांच्या मध्ये बसून मी पासलीला गेले. वाटेत एका बाईला सोडलं नाही. तुमच्या परड्यात काय, तुमच्या माहेरी काय, सासूनं काय दिलं? वही भरली तेव्हा तळहातावर लिहिलं.

कुंदाबाईंनी फडताळातून मडकं काढलं आणि माझ्या ओंजळीत चिमूटभर भात ठेवलं. मी अंगणात उजेडाला बसून एक दाणा नखानं सोलत होते, तेव्हा फोन वाजला.

"सानिया, तुझं नाव घेतलं! दुसरं नाव तुझंच!" शुभ्रा किंचाळत होती. "मॅडम विचारताहेत, तू आहेस कुठं?"

टरफल गळून पडलं. आत दाणा होता, लालभडक.

"त्यांना सांग," मी म्हणाले, "पोरगी कामावर गेलीय."