चावली नाही, डंख मारला

उत्तरेतल्या एका शहरात, महानगर नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या घरामागच्या शिरीषाची एक फांदी पार वाळून गेली होती आणि ती नेमकी कपड्यांच्या दोरीवर आलेली होती. हेमाला ती कापून हवी होती. तिचा नवरा चंद्रहास कापू देत नव्हता. फांदीच्या पोकळीत मुंग्यांची वसाहत होती आणि तो संशोधन संस्थेत मुंग्यांवरच काम करत होता.

लांब, सडपातळ जात. डोकं आणि पोट काळं, मधला भाग विटकरी. ही मुंगी जमिनीत राहत नाही, झाडावरच्या मेलेल्या लाकडात राहते. रांग धरत नाही. एकटी हिंडते, मोठ्या डोळ्यांनी हेरून शिकार करते. जबडा फक्त पकड घेण्यापुरता. मग पोट वाकवून टोकाचा डंख खुपसते. मधमाशीचा डंख कातडीत तुटून राहतो. हिचा तुटत नाही, पुन्हा चालतो.

मागच्या उन्हाळ्यात हाच डंख हेमाच्या कोपराजवळ बसला होता. दंड सुजला, अंगभर गांधी उठल्या. पुढची वेळ याहून वाईट असू शकते, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं आणि चंद्रहासला आधीच माहीत होतं.

"एक मुंगी चावली तर हे," ती म्हणाली होती.

"चावली नाही. डंख मारला."

"आपल्याकडे विंचूसुद्धा चावलाच म्हणतात."

"चुकीचं म्हणतात."

"फांदी कधी कापतोस?"

"पंखवाल्या मुंग्या बाहेर पडू देत. आत्ता तोडली तर सगळ्या अंगणात पसरतील."

"मग आत्ता कुठं आहेत? हजरतगंजच्या बाजारात?"

वर्ष सरलं. पंखवाल्या बाहेर पडल्या की नाही, हे चंद्रहासनं सांगितलं नाही. फांदी तशीच राहिली. जेवताना विषय निघे आणि ताटं तशीच उचलली जात.

"डंख फक्त मादीला असतो," एकदा तो वरण वाढून घेत म्हणाला. "मुळात तो अंडी घालायचा अवयव."

"आणि नर काय करतो?"

"उडतो, जुगतो, मरतो."

"शेवटचं तेवढं मनावर घे."

"आई, छोड़ो ना यार," त्यांची मुलगी हिमानी म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं. उत्तर ती हिंदीत द्यायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी हेमानं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि घाम पुसायला मानेला लावला. मुंगी टॉवेलाच्या घडीत होती.

कपूरथळा चौकाजवळच्या नर्सिंग होमपर्यंत हिमानीनं गाडी चालवली, चंद्रहास तिच्या शेजारी बसला होता. तोवर हेमाचा आवाज घोगरा झाला होता आणि ओठ सुजले होते, म्हणून तिनं तोंडावर ओढणी धरली होती. तरुण डॉक्टर फोनवर बोलत होता.

"मम्मी को चींटी ने काटा है," हिमानी म्हणाली.

"चींटी ने?" तो हसला. "बर्फ लगाइए. क्रीम लिख देता हूँ."

चंद्रहास पुढे सरसावला. त्यानं मुंगीचं शास्त्रीय नाव सांगितलं, मग कुळ सांगितलं, मग ती कुठं कुठं आढळते ते सांगायला लागला. डॉक्टर क्रीमचं नाव लिहीत होता.

हेमानं टेबलाचा काठ धरला. "काटा नहीं," ती कशीबशी म्हणाली. "डंक मारा. ततैये जैसा ज़हर. साँस नहीं आ रही."

गांधीलमाशीचं नाव ऐकताच डॉक्टरनं फोन ठेवला, ओढणी बाजूला केली आणि नर्सला हाक मारली. इंजेक्शन मांडीत दिलं गेलं.

संध्याकाळी हेमा खाटेवर टेकून बसली होती. सूज उतरत होती.

"बघ," चंद्रहास म्हणाला. "शब्द बरोबर वापरलास म्हणून त्याला कळलं."

हेमानं पाठीमागची उशी सरळ केली.

"फांदी," ती म्हणाली.

"हो, उतरवतो. जाळीत बांधून अख्खी प्रयोगशाळेत नेतो. वसाहत मरायला नको."

"ने. आणि तूही तिथंच राहा."

"कधीपर्यंत?"

"पंखवाल्या बाहेर पडेपर्यंत."

चंद्रहास हसला. हेमा हसली नाही.

"बाबा," हिमानी म्हणाली, "बैग मैं पैक कर दूँ?"