गुरुजींची मंगलाष्टकं

बार्शीटाकळीत लग्नं लावणाऱ्या रविकांत गुरुजींना आपल्याच विसरभोळेपणाचे किस्से सांगायला भारी आवडायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते बसस्टँड येईस्तोवर गुरुजी विसरले. "म्हणजे डॉक्टर हुशार, निदान बरोबर," असं स्वतःच म्हणत आणि सगळ्यांच्या आधी हसत. मनात मात्र एकच धाकधूक होती. नात अदितीचं लग्न आपल्या तोंडून लागेल ना?

धास्तीला कारण होतं. गावातल्या शेषरावांच्या मुलीच्या लग्नात चौथा श्लोक झाला की गुरुजींची गाडी वळून पुन्हा पहिल्या श्लोकातल्या गणपतीपाशी. दर सावधानला लोक अक्षता टाकत. अक्षता संपल्या, हार धरून नवरदेवाचे हात भरून आले, तरी अंतरपाट काही हटेना. शेवटी अय्युब बँडवाल्याने दिला ढोल ठोकून. कापसाने दगा दिल्यापासून त्याचा बँड बारा माणसांवरून तिघांवर आला होता, पण आवाज बाराचाच. अंतरपाट बाजूला झाला, हार पडले, लग्न लागलं.

गुरुजी तापले. "अबे, काहून वाजवलं? माहे श्लोक बाकी होते!"

"चुकलं गुरुजी. मले वाटलं, झालं." अय्युबने कान पकडले.

मग गावात ते ठरूनच गेलं. गुरुजी दुसऱ्यांदा गणपतीकडे वळले की अय्युबने वाजवायचं, गुरुजींनी त्याला झापायचं आणि मांडवाने "काय बे अय्युब!" म्हणून माना हलवायच्या. दुसरा भटजी बोलवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. गुरुजींना वाटे, अख्ख्या गावात डोकं ठिकाणावर असलेले आपण एकटेच.

एकदा जेवताना ते अय्युबच्या कानांचा उद्धार करत होते. त्यांच्या पत्नीला, चारुशीलाबाईंना, राहवलं नाही. "अहो, त्याचे कान शाबूत आहेत. तुम्हाला शेवट सापडत नाही, म्हणून तो बिचारा बोलणी खातो."

गुरुजींचा घास हातातच राहिला. मग हसले. "वा रे पंडित! जो तारतो त्यालाच शिव्या." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तसेच उठून अय्युबच्या घरी गेले आणि म्हणाले, "अदितीच्या लग्नाले दुसरा भटजी पाहतो."

"पाहा नं. मंग बँडबी दुसरा पाहा," अय्युब म्हणाला. "तुमच्या शिव्या खाल्ल्याबिगर मले लग्न लागल्यावानी वाटत नाई."

ही गोष्टही गुरुजी पुढच्या आठवड्यात विसरले आणि अय्युबला पुन्हा मनसोक्त झापू लागले.

अदितीच्या लग्नात गुरुजी नवं धोतर नेसून उभे राहिले. आवाज खणखणीत. चौथा श्लोक झाला, गणपती आले. पुन्हा चौथा, पुन्हा गणपती. अय्युबने काठी उचलली, तोच अंतरपाटामागून अदितीने हात केला.

"थांबा चाचा. म्हणू द्या आजोबांना."

अय्युब थांबला, मांडवही थांबला. अक्षता संपल्या तेव्हा लोकांनी वाकून खाली पडलेल्या गोळा केल्या आणि त्याच पुन्हा टाकल्या. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. होता होता गुरुजींचा आवाज बसला. ते थांबले आणि समोरच्या नवरीकडे बराच वेळ बघत राहिले.

"कोणाची पोर गं तू?"

"तुमचीच, आजोबा. मी अदिती."

"घ्या! घरचंच लग्न, अन् भटजीलेच पत्ता नाही," गुरुजी ओशाळून हसले. त्यांच्याबरोबर कोणीच हसलं नाही. त्यांनी हात नातीच्या डोक्यावर ठेवला आणि तो तसाच ठेवून बँडकडे वळले.

"अय्युब, वाजव बे आता. मी हिले पुन्हा विसरायच्या आत वाजव."