जस्ताची बांगडी

मित्रांनो, मी जस्ताची एक जुनी बांगडी आहे. हातातली नव्हे, मच्छीमार बोटीची. राजस्थानातल्या खाणीतून दगड होऊन निघाले, भट्टीत वितळले आणि निळसर राखाडी रंगावर आले. माझ्या बहिणी लोखंडी बादल्यांवर मुलामा होऊन बसल्या, काही टॉर्चच्या सेलचं कवच झाल्या. मला मात्र दोन अर्ध्या भागांत ओतून रत्नागिरीला आणलं आणि आत्मारामच्या ‘कमळा’ बोटीला ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यावर बोल्टांनी आवळलं.

खारं पाणी धातूंना खातं. पण पितळी पंखा, पोलादी दांडा आणि मी एकमेकांना लागून असलो, की पाणी आधी मला खातं. जस्ताचा गुणच तो. मी विरघळत राहते, तोवर ते दोघे शाबूत.

आत्मारामची बायको यमुनाबाई मोठी भाविक. एकही उपास न सोडणारी. १९८३ साली नारळी पौर्णिमेआधी बोट काठावर होती. माझं खडबडीत, पांढुरकं अंग पाहून तिला कळवळा आला.

“भागोजी, हिला पण लाव रे दोन हात. सणाला असं रूप बरं नव्हे.”

रंगाऱ्याने मला निळी केली. यमुनाबाईने वर हळदकुंकू वाहिलं. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू? पुढच्या वर्षीही तसंच झालं.

पण रंगामुळे पाणी माझ्यापर्यंत पोचेना. मग ते पंख्याकडे वळलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्याने त्यातलं जस्त खाल्लं. पंखा गुलाबी पडला, भुसभुशीत झाला. मी शेजारी धडधाकट.

त्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी दुपारी, भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी पंख्याचं पातं तुटलं. बोट लटलटा कापू लागली. ओहोटी तिला खडकांकडे ओढत होती.

“रघू, नांगर टाक! टाक लवकर!” आत्माराम खलाशावर ओरडला.

नांगर कसाबसा रुतला. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं, तेव्हा यमुनाबाई उपाशीपोटी धक्क्यावर उभी होती.

बोट काठावर ओढल्यावर मिस्त्री काशीराम खाली वाकला. “वैनी, हिला रंग कोणी लावला?”

“मीच सांगितलं. सगळ्या बोटीला लावला, मग हिला का नको?”

“हिनं झिजायचं, म्हणून बाकीचं टिकतं. तुम्ही हिला देवी केलंत आणि कामावरून काढलंत!”

यमुनाबाई माझ्याजवळ वाकली. “बाई गो! मी हिचं व्रतच मोडलं.”

त्याच संध्याकाळी तिने तारेच्या ब्रशाने माझा रंग स्वतः खरवडला. पुढच्या श्रावणात भागोजीने चिडवलं, “वैनी, हिला निळा की हिरवा?”

“हात लावून तर बघ!”

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल, तर त्याचं काम काय आहे, ते आधी विचारा. मला जपायचं तर उघडं ठेवा, घासा आणि झिजले की बदला.

त्याच्या पुढच्या वर्षी मला बदललं. सुपारीएवढी उरले होते. यमुनाबाईने मला तळहातावर घेतलं.

“पुरी झिजलीस गो बाय,” असं म्हणत तिने माझ्यावर हळदकुंकू वाहिलं.

या खेपेला ते मी मानाने घेतलं.