टोलेकाकांचा कान

तीन तिघाडा काम बिघाडा असं म्हणतात. तरीही विद्यापीठाने विद्यार्थी, संशोधक आणि कारखाने या तिघांना एका टेबलाभोवती बसवायचं ठरवलं आणि दारावर ‘विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र’ अशी ऐसपैस पाटी लावली. पहिलं वर्ष एकमेकांचं बोलणं समजून घेण्यातच गेलं. विद्यार्थ्यांना गुण हवे, संशोधकांना शोधनिबंध हवे आणि कारखान्यांना सगळं कालच तयार हवं. तिघंही आपापल्या घरी शहाणे, पण एकत्र आले की अवघडलेल्या पाहुण्यांसारखे चहाच्या कपाकडे बघत बसायचे.

या टेबलावर जी पहिली सोयरीक जुळली, ती शेवटच्या वर्षाच्या एका मुलीची आणि कात्र्या-सुऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याची. मुलगी सदान्‌कदा मोठाले हेडफोन लावून फिरायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात कामगारांनी तिचं नाव ‘कानवाली’ पाडलं. तिला ते आवडलं. घरी तिला नावं ठेवायचे ते फक्त उशिरा उठते म्हणून.

काम होतं ते चाकांचं. पात्याला धार लावायला दगडी चाक लागतं आणि ते मिनिटाला हजारो फेरे घेतं. त्याला केसाएवढी चीर असली तरी फिरता फिरता त्याचे तुकडे होतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतात. म्हणून नवं चाक यंत्रावर चढवण्याआधी बोटावर टांगून त्याला लाकडी हातोडीने एक हलका टोला द्यायचा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर बाद. सांगायला सोपं आहे. पण मधले आवाज फार असतात, आणि ते ओळखणारा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच होता. त्याला सगळे टोलेकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि या महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते.

कानवालीने सहा महिने त्यांच्या स्टुलाशेजारी मायक्रोफोन लावून टोले जमा केले. चार हजार टोले. काका चांगलं म्हणाले की चांगलं, बाद म्हणाले की बाद, अशी प्रत्येकाची नोंद केली आणि ते सगळं संगणकाला शिकवलं. आता संगणक नुसता टोला ऐकून शंभरातली अठ्ठ्याण्णव चाकं बिनचूक ओळखत होता. केंद्राच्या प्रमुख मॅडम खूश होत्या, कारखान्याचे मॅनेजर साहेब खूश होते. महिनाअखेरच्या बैठकीत करारावर सह्या झाल्या की पहिल्या तारखेपासून काकांच्या जागी संगणक ऐकणार, आणि कानवालीला तिथेच नोकरी मिळणार, असं ठरल्यातच जमा होतं.

सगळ्यात खूश काका होते. माणसाची जागा यंत्र घेणार म्हटल्यावर माणूस खूश कसा, हा प्रश्न कानवालीलाही पडला होता. काकांनी तिला हाताला धरून तीन नंबरच्या यंत्राकडे नेलं. तिथे त्यांची मुलगी पात्यांना धार लावत होती. सगळे तिला ताई म्हणत.

“माझी पोर या चाकासमोर आठ तास उभी असते,” काका म्हणाले. “मी घरी पेपर वाचत बसणार आणि इथे चाक कोण वाजवणार? म्हणून सांगतो बाळा, तुझ्या मशीनने माझ्याइतकं नाही, माझ्यापेक्षा चांगलं ऐकलं पाहिजे.”

“बाबा, तिला घाबरवू नका,” ताई पात्यावरची नजर न हलवता म्हणाली.

त्या दिवसापासून कानवाली तीन नंबरच्या यंत्रासमोरून जाताना पावलं जरा हळू टाकायची. काका तिच्यासाठी चहा झाकून ठेवायचे, मायक्रोफोन हलू नये म्हणून त्यांनी त्याला लाकडाची बैठक करून दिली होती, आणि ती एक दिवस आली नाही की दुसऱ्या दिवशी “काय बाईसाहेब, वाट चुकलात?” असा टोमणा ठरलेला. आजोबा तिला आठवत नव्हते. असते तर असेच असते, असं ती मनात धरून चालली होती.

बैठकीच्या आठवडाभर आधी काकांनी दाढ काढली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा धरायला सांगितला होता आणि घरी आराम करायलाही. यातलं पहिलं काकांनी ऐकलं. तोंड गच्च मिटून ते दिवसभर टोले देत बसले. साठ चाकं वाजवली आणि त्यातल्या नऊ चाकांवर खडूने फुली मारली. संध्याकाळी कानवालीने ते साठ टोले संगणकाला ऐकवले. संगणकाने साठच्या साठ चाकं चांगली ठरवली.

तिला वाटलं मायक्रोफोन बिघडला. तो ठीक होता. वायर बदलून पाहिली, तीही ठीक होती. रविवारी दुपारी खोलीचं दार लावून ती जुने टोले एकामागून एक ऐकायला बसली. चांगल्या चाकाचा टोला, मग घुमणारा नाद, मग शांतता. बाद चाकाचा टोला, बद्द आवाज, आणि त्याच्या शेपटाला अगदी बारीक, जिभेचा एक आवाज. च्च.

तिने पुढचा बाद टोला लावला. च्च. त्याच्या पुढचा लावला. च्च. चाक बाद निघालं की काका हळहळायचे, वस्तू वाया गेली म्हणून, किंवा कुणाच्या तरी अंगावर आली असती म्हणून. एकतीस वर्षांची सवय. त्यांना स्वतःला ती माहीत नव्हती, शेजारी बसून बसून कानवालीलाही ती ऐकू येईनाशी झाली होती. संगणकाने मात्र नेमकी तीच धरली, आणि तोंडात बोळा होता त्या दिवशी ती निघालीच नव्हती. त्याला चाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो काकांची हळहळ ऐकत होता.

तिला आधी हसू आलं आणि मग तीन नंबरचं यंत्र आठवलं. सोमवारी सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“यातले दोनशे टोले मी स्वतः ऐकले होते,” त्या म्हणाल्या. “मला कसं नाही ऐकू आलं?”

“मॅडम, बैठक शुक्रवारी आहे.”

“मला माहीत आहे. कराराचं जे व्हायचं ते होईल, ते माझं दुखणं. तू खरं आहे ते मांड. पण काकांना आधी सांग. भर बैठकीत कळलं तर त्यांना वाटेल, खापर आपल्यावर फोडलं.”

मॅडमच्या या बोलण्याने कानवालीच्या जिवात जीव आला, आणि काकांना सांगायचं आहे या विचाराने तो पुन्हा गेला.

“मी असला आवाज काढतच नाही,” काका म्हणाले. ते चांगलेच दुखावले होते. कानवालीने हेडफोन त्यांच्या कानाला लावले. “आवाज वाढव जरा,” ते म्हणाले. तिने वाढवला. “अजून.” तिने अजून वाढवला. मग त्यांनी ऐकलं. एक, दोन, पाच, दहा टोले ऐकले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“म्हणजे एवढे दिवस ते मशीन माझंच ऐकत होतं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांत इथे कुणी माझं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.”

दोघंही पोट धरधरून हसले. हसता हसता काकांची नजर तीन नंबरच्या यंत्राकडे गेली. “मग एक तारखेपासून तिच्या चाकाला कान कोण लावणार गं?” त्यांनी विचारलं.

शुक्रवारी बैठकीच्या टेबलावर एक चांगलं चाक होतं आणि एक चिरलेलं. कानवालीने साहेबांना चिरलेल्या चाकाला टोला द्यायला सांगितलं. संगणकाच्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली, ‘चांगलं’. मग तिने चांगल्या चाकाला स्वतः टोला दिला आणि काकांकडे पाहिलं. काकांनी भर सभेत, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं, च्च केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘बाद’.

कुणी हसलं नाही. साहेबांनी हातोडी खाली ठेवली.

“अठ्ठ्याण्णव टक्के म्हणाला होतात तुम्ही.”

“हो,” कानवाली म्हणाली. “तो आकडा खरा होता, पण तो चाकांबद्दल नव्हता. मला ते कळायला उशीर झाला. हे यंत्र आत्ता बसवू नका, साहेब. आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.”

“चूक तिची एकटीची नाही,” मॅडम म्हणाल्या. “तपासायचं काम माझं होतं.”

साहेबांनी चिरलेलं चाक हातात घेऊन चिरेवरून बोट फिरवलं. माणूस तापट होता, पण वाईट नव्हता. “बसवून मग कळलं असतं तर?” ते म्हणाले. हा प्रश्न कुणाला विचारलेला नव्हता. सह्या झाल्या नाहीत, पण करार मोडलाही नाही. सगळं सहा महिने पुढे गेलं. आणि साहेब काकांकडे वळून म्हणाले, “काका, तोवर थांबाल का?”

“थांबतो की!” काका म्हणाले, आणि इतके खुलले की दाढेचं खिंडार सगळ्यांना दिसलं. कानवालीची नोकरी लांबणीवर पडली होती, तरी तिला मोकळं वाटलं. ताईच्या चाकाला राखण मिळाली होती. झालं गेलं गंगेला मिळालं, असं समजून ती काकांच्या मागोमाग खाली कारखान्यात आली.

“चल, आजच सुरुवात करू,” काका म्हणाले. “यावेळी तोंडात रुमाल धरतो. पण त्याआधी तुझी परीक्षा. चार हजार टोले ऐकलेस ना? मग सांग बघू, मशीनबिशीन काही नको.”

त्यांनी पाठ फिरवायला सांगून एकेक चाक वाजवलं. पहिलं चांगलं. दुसरं चांगलं. तिसरं बाद. ती सांगत गेली आणि काका दर वेळी “बरोबर” म्हणत गेले. त्यांचा आवाज हळूहळू वर चढत होता, नात पाढे म्हणताना आजोबांचा चढावा तसा. अकरा चाकं झाली. बाराव्या टोल्याला ती म्हणाली, “बाद.”

“चुकलीस. चांगलं आहे.”

“पुन्हा वाजवा ना.”

त्यांनी पुन्हा वाजवलं. तिने मान हलवली. नादाच्या मागे एक बारीक खरखर होती, वाळूचा कण दाताखाली यावा तशी.

“काका, बाद आहे.”

काकांनी चाक कानाजवळ धरून तिसऱ्यांदा वाजवलं, चौथ्यांदा वाजवलं. मग ते एकदम उठले आणि चाक कोपऱ्यातल्या ऐरणीवर घेऊन गेले. मोठ्या हातोड्याच्या एका घावात त्याचे दोन तुकडे झाले. दोघांनी वाकून पाहिलं. तुटलेली कड बहुतेक स्वच्छ होती, नुकती फुटलेली. पण मधल्या भोकापासून दोन बोटं लांबपर्यंत ती मळकट होती. तिथली चीर जुनी होती. आत धूळ जाऊन बसली होती.

कानवालीला आता कळलं की चार हजार टोल्यांवर ‘चांगलं’ आणि ‘बाद’ हा शिक्का ज्या कानाने मारला होता, तो कानच थकला होता. पण हे तिने बोलून दाखवलं नाही. काका स्टुलावर बसले होते आणि दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा जुळवून पाहत होते.

“मला नाही आलं ऐकू,” ते म्हणाले. “बाळा, मला अजिबात नाही आलं ऐकू.”

ऐरणीचा आवाज ऐकून ताई यंत्र सोडून आली होती. यंत्र मागे चालूच होतं. तिने तुकडे पाहिले आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझ्या यंत्रावर चढलं असतं हे,” काका म्हणाले.

“हं.”

“माझे कान गेलेत गं.”

“मला माहीत आहे, बाबा. दोन वर्षं झाली. जेवायला तीन हाका मारल्याशिवाय तुम्ही येता का?”

काकांनी मान वर केली. “दोन वर्षं? आणि तरी तू चाकं चढवत राहिलीस?”

“तुम्ही दिलेली होती ना,” ताई म्हणाली.

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही. कानवालीही रडत होती, आणि आपण का रडतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. या दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम होतं की त्या प्रेमापायी एखाद्या दिवशी ताईचा जीव गेला असता.

थोड्या वेळाने काका उठले. वर जाऊन त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, आणि खाली येऊन मांडणीकडे बोट केलं. तिथे या महिन्यात त्यांनी पास केलेली चाकं ओळीने ठेवलेली होती.

“ही सगळी पुन्हा वाजवायची,” ते कानवालीला म्हणाले. “मी टोला देतो, तू ऐक. आपलं दोघांचं एकमत झालं तरच चाक चांगलं. एकट्या माझ्यावर जायचं नाही, एकट्या तुझ्यावर नाही, आणि तुझं मशीन शहाणं झालं तरी एकट्या त्याच्यावर नाही.”

“आणि जी आधीच यंत्रांवर चढलीत?” कानवालीने विचारलं.

काकांनी मुलीकडे पाहिलं. ताई तीन नंबरकडे गेली, तिने बटण दाबलं, चाक पुरतं थांबेपर्यंत बाजूला उभी राहिली आणि मग पाना घेऊन ते उतरवायला लागली.